घरोघरचे भाचे

पुण्याच्या पेठांतल्या घरांत एक खोली अशी असायची, जी घराची असूनही घरात नसायची. तिचं दार बोळात उघडायचं, नाहीतर जिन्याखाली, नाहीतर थेट वाड्याच्या देवडीत. कुठे तिला बाहेरची खोली म्हणत, कुठे माडीवरची, कुठे अण्णांची. अण्णा जाऊन पंधरा-वीस वर्षं झालेली असली तरी अण्णांचीच. एक खिडकी, तिला गज, भिंतीत दोन कोनाडे, एक फडताळ, चार खुंट्या आणि चाळीसचा दिवा. लोखंडी कॉट, तिच्या एका पायाखाली वीट. टेबल म्हणजे मोडीत निघालेल्या शिवणयंत्राचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेली फळी. त्या सांगाड्याचं पायडल मात्र शाबूत असायचं. रात्री अकराला भिंतीपलीकडून खडखड खडखड ऐकू आली की समजायचं, परीक्षा जवळ आली, पोरगं अभ्यासाला लागलं.

त्या खोलीत जो कुणी राहायला यायचा, त्याला घरात एकच नाव होतं: 'खोलीतला'. खोलीतल्याला पाणी दिलंस का? खोलीतल्याचं पत्र आलंय. खोलीतल्याची सायकल आपल्या सायकलीवर पडलीय. दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलायचा, पदवी तीच राहायची. फार तर गावाचं नाव चिकटायचं. आमच्याकडे बार्शीवाला होता, शेजारी वाईवाला, समोर चिपळूणवाला. त्यांची खरी नावं आम्हाला लग्नपत्रिकेवरच वाचायला मिळाली.

ही पोरं यायची ती कॉलेजसाठी. फर्ग्युसन, एस. पी., बीएमसीसी, इंजिनिअरिंग, बी. जे. मेडिकल. कॉलेजांच्या वसतिगृहांत जागा मोजक्याच. आमच्या आजोबांच्या पिढीतली गरीब मुलं माधुकरी मागत, वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी देवांकडे, असं सात घरांवर आठवडा काढत. त्यातल्या निराधारांसाठी १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं. पुढे १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती उभी राहिली, खेड्यांतून येणाऱ्या हुशार आणि गरजू मुलांसाठी. पण ज्यांचा बाप अगदीच निराधार नाही आणि ज्यांना वसतिगृह मिळालेलं नाही, अशी मधली पोरं खूप होती. ती आमच्या वाट्याला आली. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह, चिवड्याचा डबा आणि ओळखीच्या कुणाची तरी चिठ्ठी.

चिठ्ठी महत्त्वाची. 'सकाळ'च्या छोट्या जाहिरातींत 'एका विद्यार्थ्यास खोली देणे आहे' असं छापून येई, नाही असं नाही. पण जाहिरातीला पैसे पडतात आणि चिठ्ठी फुकट येते. शिवाय चिठ्ठीबरोबर जामीन येतो. पोराने काही उद्योग केलाच, तर चिठ्ठीवाल्याच्या घरी जाऊन चहा पिता पिता सुनावता येतं.

मग मुलाखत. ही बाबा घ्यायचे असं बाबांना वाटायचं. गाव कोणतं, वडील काय करतात, कितव्या वर्षाला, मार्क किती. प्रश्न बाबांचे, पण निकाल आतून लागायचा. पडद्याआड चहाचा कप ठेवल्याचा आवाज मोठा आला की नापास.

आणि आडनाव. ते सगळ्यात आधी विचारलं जायचं. स्मरणरंजन करताना हे गाळायची आपल्याला फार सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. आडनाव ऐकून 'अहो, कालच एकाला शब्द दिला' असं सांगितलेली कितीतरी पोरं त्या बोळांतून माघारी गेली. त्यांनी मग लांब कुठे कुठे खोल्या शोधल्या, तिथून पायपीट केली, आणि पुष्कळ जणांनी आमच्या खोलीतल्यापेक्षा जास्त मार्क मिळवले. 'शाकाहारी हवा' या दोन शब्दांत काय काय झाकलेलं असतं ते तेव्हाही सगळ्यांना कळत होतं. मग एखाद्या घरात कुणी आजी निघायची, जी म्हणायची, 'पोरगं शिकायला आलंय, राहू दे. माझ्या देवघरात थोडंच येणार आहे?' या वाक्यात मोठं मनही होतं आणि देवघराचा उंबराही.

नियम तोंडी असत आणि पहिल्याच दिवशी एका दमात सांगितले जात. रात्री नऊला दिंडी दरवाजा बंद. पाणी पहाटे येतं, एकच बादली. बंब फक्त रविवारी. दिवा दहानंतर नको. स्टोव्हवर चहा चालेल, स्वयंपाक नाही. मित्र आले तर बाहेर ओट्यावर. विडी-सिगरेट नाही. रेडिओ हळू. जेवण खानावळीत, अंडं-बिंडं खाल्लंच तर आंघोळ करून यायचं. भाडं पाच तारखेला.

यातला एकही नियम पहिल्या पावसाळ्यापलीकडे टिकायचा नाही, हेही दोन्ही बाजूंना ठाऊक असे. दिवा दहाला बंद म्हणावं, तर परीक्षेच्या दिवसांत आईच म्हणायची, 'डोळे फुटतील मेल्याचे, साठचा बल्ब लावून द्या.' नऊचा शो बघून आलेल्या पोराला आत घेण्यासाठी दिंडीचा अडसर आम्ही पोरांनीच काढायचा. त्याचा दर ठरलेला होता: प्रत्येकी एक श्रीखंडाची गोळी. रेडिओ हळू म्हणावं, तर बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमालेच्या वेळी बाबाच अंगणात येऊन म्हणायचे, 'काय रे, तुझा ट्रान्झिस्टर बिघडला का?'

आता भाच्यांकडे येऊ.

आमच्यातली बरीच घरं काही मालकांची नव्हती. वाडा कुणा दुसऱ्याचा, आपण भाडेकरू. तीन खोल्या आपल्याकडे, त्यातली एक या पोराला दिलेली. म्हणजे आपण भाडेकरू आणि तो पोटभाडेकरू. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी जवळपास गोठवून टाकली होती. तीन खोल्यांना महिना आठ-दहा रुपये देणारी कुटुंबं पेठांत सर्रास. मालकाला त्यात कौलं बदलायलाही परवडायचं नाही, म्हणून तो भाडेकरूला बाहेर काढायची वाट शोधत असायचा. परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, ही त्याला सापडणारी सगळ्यात सोपी वाट. म्हणून ट्रंक खाली ठेवायच्या आतच पोराला सांगितलं जाई, 'कुणी विचारलं तर भाचा म्हणून सांग.'

झालं. पेठांत भाच्यांचं अमाप पीक आलं. ज्या बाईला सख्खा-चुलत एकही भाऊ नाही, तिच्याकडे सात वर्षांत तीन भाचे. देशस्थ घरात भाचा चिपळूणचा, आणि बोलताना नाकातून. एक वर्ष वाईचा मामेभाऊ, पुढच्या वर्षी भुसावळचा आतेभाऊ. नाती जुळवताना आम्हा मुलांची पंचाईत व्हायची. मालक जिन्यात धरून विचारायचे, 'काय रे, हा कोण तुझा?' आणि आम्ही एकाच वेळी 'मामा' आणि 'दादा' म्हणायचो. मालक काही वेडे नव्हते. पण त्यांच्याही बाहेरच्या खोलीत एक भाचा होता, आणि प्राप्तिकराच्या कागदावर त्याचाही पत्ता नव्हता. तेव्हा मालकांनी भाच्यांची चौकशी फार ताणली नाही.

सगळी भानगड उघडी पडली ती कोयनेच्या भूकंपात. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमाराला पुणं हललं. भांडी वाजली, कौलं खडखडली, सगळा वाडा नेसत्या वस्त्रानिशी चौकात. कुणाच्या हातात देव, कुणाच्या हातात तान्हं पोर, एका आजोबांच्या हातात फक्त दातांची वाटी. आणि एकाच भाच्यासाठी दिलेल्या खोलीतून तीन जण बाहेर आले, एकाच पांघरुणात. त्या थंडीत, 'देवा नारायणा' चालू असताना, आजीने बोट दाखवून मोजलं, 'एक, दोन, तीन. भाडं एकाचं देतोस ना रे?' हा किस्सा आमच्या पेठेतल्या निदान दहा वाड्यांत सांगतात, आणि प्रत्येक जण तो आपल्याच चौकात घडला म्हणून सांगतो. माझ्या मते सगळे खरं बोलतात. त्या पहाटे पुण्यात एका खोलीत एकच पोरगं झोपलं होतं, असं मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

खोलीतल्याने भाडं द्यायचं आणि राहायचं, एवढाच व्यवहार कुठल्याच घरात उरला नाही. रेशनच्या रांगेत आईच्या जागी तो. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन तो. आमचं बीजगणित त्याच्याकडे, आजीची पोस्टकार्डं त्याच्या अक्षरात, बाबांच्या ऑफिसातला इंग्रजी अर्ज त्याच्या हातचा. स्टोव्हमध्ये पिन मारायला, वाती ओढायला, सायकलचं पंक्चर काढायला, पत्रिकांवर पत्ते घालायला तो. बदल्यात संकष्टीला खिचडी, चैत्रात आंब्याची डाळ, ताप आला तर मऊ भात आणि मेतकूट. दिवाळीत गावी गेला नाही तर पहिल्या आंघोळीला त्याच्याही अंगाला तेल, आणि मोती साबणाची तीच वडी जी सगळ्यांनी वापरलेली. गणपतीत त्याची खोली जायची. विसर्जनाची मिरवणूक बघायला लक्ष्मी रस्त्याजवळच्या घरांत सगळं गणगोत उतरायचं, आणि बायका-पोरं त्या खोलीत पसरायची. त्याने दोन रात्री चौकात सतरंजीवर काढायच्या. भाडं पूर्ण महिन्याचंच.

घरातल्या वस्तूंचा शेवटचा मुक्काम भंगारवाल्याकडे, आणि त्याच्या आधीचा या खोलीत. कान तुटलेला कप, वेत उसवलेली खुर्ची, आरशाचा पारा उडालेला भाग सोडून उरलेला आरसा, काटा अडकणारं घड्याळ. 'खोलीत टाक' म्हणजे फेकवत नाही पण वापरवतही नाही. मात्र बार्शीवाला हिकमती निघाला. त्याने खुर्ची सुतळीने विणली, घड्याळ चालू केलं. घड्याळ चालू झाल्याबरोबर आजी ते माजघरात परत घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्याने काहीही दुरुस्त केलं नाही.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी खोलीतल्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन वरच्या आळ्यांत पोहोचवलं, आणि स्वतःची ट्रंक, त्यातली पुस्तकं, कपडे, सगळं पाण्यात गेलं. ७२च्या दुष्काळात उलटं झालं. मराठवाड्यातून, नगर-सोलापुरातून मनीऑर्डरी यायच्या थांबल्या. बापाच्या शेतात काही पिकलं नव्हतं, तो स्वतःच दुष्काळी कामावर खडी फोडत होता. इकडे रेशनवर लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकऱ्या थापता थापता आया कंटाळलेल्या. त्या वर्षी पाच तारखेला पोरं खोलीबाहेर यायची नाहीत, दार आतून लावून बसायची. आई दारावर थाप मारायची. 'भाडं मागायला नाही आले रे. भाकरी खा.' भाडं वहीत मांडलं जायचं, माफ मात्र नाही. आमच्या आयांचं हे मला फार आवडतं: माफ केलं असतं तर पोराला मान खाली घालावी लागली असती. वहीत आकडा असला की तो देणेकरी असतो, आश्रित नसतो. पुढे नोकरी लागल्यावर मनीऑर्डरीने हप्ते आले. मनीऑर्डरीच्या खालच्या इवल्याशा चिटोऱ्यावर 'काकूंस सा. न.' एवढंच बसायचं.

पैसे आईच्या नावे यायचे, हे पोस्टमनच्याही सवयीचं झालं होतं. कारण त्या खोलीचा खरा कारभार आईचाच. बाबांचा पगार बाबांच्या खिशातून यायचा आणि वाण्याच्या, दूधवाल्याच्या, शाळेच्या वाटांनी निघून जायचा. आईला त्यातून खर्चाला मिळायचं, हिशेबासकट. खोलीचं भाडं मात्र ती स्वतः घ्यायची, स्वतः मोजायची आणि पावतीबिवतीच्या भानगडीत न पडता शेंगदाण्याच्या डब्याखाली ठेवायची. साठच्या दशकात ते पंधरा-वीस रुपये असतील, सत्तरच्या दशकात पन्नासच्या आसपास. नोकरी न करणाऱ्या त्या बाईच्या हातात येणारा तो एकमेव पैसा होता. त्यातून प्रेशर कुकर आला, छताचा पंखा आला, धाकटीच्या क्लासची फी गेली, भिशी लागली. माहेरच्या लग्नात केलेला आहेर त्यातूनच गेला, ज्याचा हिशेब कुणी मागितला नाही, कारण मागायची सोयच नव्हती. बाबा कधीतरी म्हणायचे, 'किती कटकट आहे ही, ठेवू नका आता कुणाला.' आई म्हणायची, 'हो, हो,' आणि जूनमध्ये नवा भाचा यायचा.

ज्या घरात कर्ता पुरुषच गेलेला, तिथे तर ती खोली म्हणजेच चूल. एक खोली भाड्याला, चार डबे खानावळीचे. तेवढ्यावर दोन मुलं शिकवलेल्या आत्या आणि काकू आम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. त्यांच्या नियमांत वाकायला जागा कमी असायची, आणि त्यांना कजाग म्हणायला गल्लीला वेळ लागायचा नाही. त्यांना एक महिना खोली रिकामी ठेवणं परवडत नव्हतं, हे गल्लीने कधी मोजलं नाही.

मुलगी वयात आलेल्या घराचं शास्त्र वेगळं. तिथे भाचा बंद, भाची सुरू. नाहीतर नवपरिणीत जोडपं. तरी व्हायचं ते व्हायचं. आमच्या गल्लीत एका भाच्याचा जावई झाला, आणि मग मालकांना काय सांगायचं यावर घरात दोन दिवस खल चालला होता. शेवटी मालकच लग्नात म्हणाले, 'बरं झालं, आता तरी नातं खरं झालं.'

या सगळ्याला पहिली भीती शिवली ती १९७३ साली. कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्याकडे 'लीव्ह अँड लायसन्स'चा चालू करार होता, ते कायद्याने भाडेकरू झाले. म्हणजे काढता न येणारे. पेइंग गेस्ट, म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घरातला एक भाग ज्याला दिलाय तो, यातून वगळला होता. पण तपशील कोण वाचतो? पेठांत बातमी पोहोचली ती एवढीच की ठेवलेलं पोरगं घर बळकावू शकतं. ज्या आईने तापात पोराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, तिला भाऊजींनी सांगितलं, 'कागद करून घ्या, नाहीतर पोरगं डोक्यावर बसेल.' तिथून अकरा महिन्यांचा कागद आला. अकराच का, तर वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नसे म्हणून. कागद आला तसं 'काकू' म्हणताना पोरांच्या आणि 'ये रे' म्हणताना काकूंच्या आवाजात थोडा खाकरा आला. आणि पुष्कळ खोल्यांना कुलूप लागलं.

म्हणूनच १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आला, तेव्हा आम्ही खुर्चीतून पडेपर्यंत हसलो. चौघा पोरांना जागा हवी, लीलाबाई काळभोरांना जोडपीच हवीत, मग दोघांनी लुगडी नेसायची. मुंबई-पुण्याबाहेरच्यांना ते फार्स वाटलं असेल. आम्हाला मात्र ते भाच्याच्या खेळातलं पुढचं पाऊल वाटलं. आम्ही नातं खोटं सांगत होतो, ते थेट बायकाच झाले.

नंतर वाडे पडले. वाड्याच्या जागी इमारत आली, तीन खोल्यांच्या बदल्यात फ्लॅट मिळाला, आणि बोळात उघडणारं दार नाहीसं झालं. फ्लॅटला एकच दार. कुणाला ठेवायचं म्हटलं तर त्याने हॉलमधून, टीव्हीसमोरून, बाबांच्या अर्ध्या चड्डीसमोरून जायचं. १९९९चा कायदा आल्यावर करार नोंदवणं घरमालकावर बंधनकारक झालं. पोलिसांकडे माहिती द्यायची, फोटो द्यायचा, अंगठा द्यायचा. भाचा म्हणून सांगायची सोय गेली.

सदाशिव आणि नारायण पेठेत पोरं अजून येतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त. आता ती स्पर्धा परीक्षांची. बार्शी आहे, भुसावळ आहे, बीड-लातूर-नांदेड तर आहेच. दिवसभर अभ्यासिकेत, रात्री झोपायला जागा. विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं: 'कॉट बेसिसवर देणे आहे.' म्हणजे खोली नाही, खोलीतली खाट. एका खोलीत चार खाटा, भाडं खाटेचं. भूकंपाच्या पहाटे आजीने पकडलेला गुन्हा आता रीतसर धंदा झालाय.

आणि काकूही आहेत. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरात, काका गेले. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटं राहण्यापेक्षा दोन मुली ठेवलेल्या बऱ्या, असं ठरवलेल्या अशा काकू आमच्याच पिढीच्या आहेत. त्यांच्या आयांनी भाचे ठेवले, यांनी भाच्या ठेवल्या. नियम आता छापील, दाराच्या मागे: दहानंतर बेल वाजवू नये, गिझर पंधरा मिनिटं, वॉशिंग मशीन बुधवारी. रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्या मुलीला दूध गरम करून ठेवायचं हे त्यात लिहिलेलं नाही, ते चालतं.

भाडं पाच तारखेलाच, थेट खात्यात. मुलगा अमेरिकेतून मोबाइलवर बघतो आणि म्हणतो, 'आई, आले गं पैसे, एफडीत टाकतो.' काकू हो म्हणतात. दुसऱ्या मुलीला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगून ठेवलंय, 'हे बघ, ती देते तसं फोनवरून नको. तू आपलं माझ्या हातात रोखच देत जा.'